जॉर्जियन विंग चेअर की व्हिक्टोरियन आरामखुर्ची? जुनी इंग्लिश बैठक घेण्यापूर्वी

जुनी इंग्लिश गादीची खुर्ची घ्यायची असे ठरले की, लिलावघर असो वा दुकान, निवड बहुधा दोन प्रकारांवर येऊन थांबते. पहिला प्रकार अठराव्या शतकातल्या जॉर्जियन विंग चेअरचा: उंच पाठ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाऱ्याची झुळूक अडवणारे पंख आणि खाली अक्रोडाचे किंवा महोगनीचे पाय. दुसरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरियन आरामखुर्चीचा: बुटकी, खोल, भरदार आणि पायांना पितळी चाके असलेली. दोन्ही कापडाने मढवलेल्याच असतात, पण पहिलीचे मोल लाकडात असते आणि दुसरीचे भरणात. हा फरक लक्षात घेतला नाही तर खरेदीदार नको त्या गोष्टीसाठी पैसे मोजतो.

विंग चेअरचे मूळ कापड आणि मूळ भरण आजवर टिकलेले सापडणे इतके विरळ आहे की तशी खुर्ची संग्रहालयातच शोभावी. घरात वापरण्यासाठी मिळणारी खुर्ची पिढ्यानुपिढ्या मढवली गेलेली असते. म्हणून वरचे रेशमी कापड कितीही देखणे असले तरी परीक्षा सांगाड्याचीच करावी. दिसणारे पाय महोगनीचे असले तरी कापडाखालच्या लाकडी पट्ट्या बहुधा बीच नावाच्या झाडाच्या असतात, कारण ते लाकूड स्वस्त होते आणि न तडकता खिळे धरून ठेवत असे. मात्र लाकूड पोखरणाऱ्या किड्यालाही बीच फार प्रिय. विक्रेत्याच्या परवानगीने खालचे काळे कापड थोडे उचलून पाहावे. बारीक भोकांतून ताजा, फिकट भुसा गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. त्याच पट्ट्यांवर खिळ्यांच्या जुन्या भोकांच्या अनेक रांगा दिसणे हे मात्र चांगले लक्षण आहे. एकच स्वच्छ रांग असेल तर ती खुर्ची विसाव्या शतकातली नक्कल असण्याची शक्यता मोठी, आणि अशा नकला उदंड झाल्या आहेत. पाय कुजल्यामुळे खालून तुकडा जोडलेला आहे का, हेही पाहावे. जुन्या खुर्च्यांत असा जोड क्षम्य असतो, पण तो किमतीत उतरला पाहिजे.

व्हिक्टोरियन खुर्चीला हे निकष लावले तर निर्णय चुकेल. 1820च्या दशकानंतर इंग्लंडमध्ये बैठकीत गुंडाळी स्प्रिंगा आल्या आणि खुर्ची घडवण्याचा भार सुताराकडून गादीकाम करणाऱ्याकडे गेला. कापडी पट्ट्यांच्या विणीवर स्प्रिंगा शिवायच्या, त्या सुतळीने चहूबाजूंनी बांधायच्या, वर गोणपाट, त्यावर काथ्यासारख्या तंतूंचा थर, कडेला टाके घालून घट्ट वळी, मग घोड्याचे केस, कापूस आणि शेवटी कापड: खुर्चीचा आकार या थरांतूनच निर्माण होतो. त्यामुळे एखाद्याने नंतर हे सारे काढून फोम भरला असेल, तर उरते ते केवळ जुन्या लाकडावरचे नवे आसन. ओळखण्याची रीत सोपी आहे. बैठकीची पुढची कड अंगठ्याने दाबावी. टाक्यांची वळी टणक लागते. फोम दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. घोड्याच्या केसांचे भरण बसलेले असले तरी घाबरू नये, कारण ते पिंजून पुन्हा वापरता येते. फोमच्या बाबतीत तशी आशा नसते, त्याची कालांतराने पूड होते.

या प्रकारात, त्या काळी लंडनच्या बर्नर्स स्ट्रीटवर असलेल्या हॉवर्ड अँड सन्स या खुर्च्या बनवणाऱ्या पेढीचे नाव सर्वांत वर आहे. त्यांच्या खुर्च्यांची खोली आणि हाताच्या टेकूचा उतार पाहिला की ही कारागिरी किती विचारपूर्वक केलेली होती हे जाणवते, आणि मला तिच्याविषयी मनापासून आदर आहे. मागच्या पायावर नावाचा व क्रमांकाचा ठसा, चाकांवर नाव आणि कधी मूळ अस्तरावर आद्याक्षरे, अशा तिच्या खुणा असतात. केवळ चाकांवर विसंबू नये, कारण चाके एका खुर्चीची दुसरीला लावता येतात. ‘हॉवर्ड स्टाइल’ असे लिहिलेले असेल तर ती हॉवर्डची नाही, इतकाच त्याचा अर्थ. सिद्ध झालेल्या हॉवर्डची किंमत हजारो पौंडांत जाते; त्याच काळातली, तितकीच आरामशीर अनामिक खुर्ची प्रांतिक लिलावात काही शे पौंडांत मिळू शकते. नावाचा हव्यास नसेल तर मी दुसरीच घ्यायला सांगेन.

बसण्याच्या दृष्टीने पाहता विंग चेअर ताठ बसवते. वाचनासाठी आणि गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी तीच योग्य, कारण खोल व्हिक्टोरियन बैठकीतून उठणे वृद्धांना खरोखर जड जाते. शिवाय व्हिक्टोरियन खुर्ची रुंद असते; दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापे आधीच घ्यावीत.

खर्चात नवे गादीकाम धरलेच पाहिजे. पारंपरिक पद्धतीने एक आरामखुर्ची पुन्हा मढवण्याची मजुरी अनेकदा खुर्चीच्या किमतीहून अधिक होते आणि कापडही पाच-सात मीटर सहज लागते. ब्रिटनच्या 1988च्या अग्निसुरक्षा नियमांतून 1 जानेवारी 1950पूर्वी बनलेले फर्निचर वगळलेले आहे, त्यामुळे जुने भरण ठेवता येते. तरीही वरचे कापड लोकरीचे निवडावे, कारण लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

लिलावात हातोड्याच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, भावावर लिलावघराचा खरेदीदाराकडून घेतला जाणारा अधिभार येतो. तो बहुधा पाव भागाच्या आसपास असतो आणि त्यावर करही लागतो. सूचीतले शब्द काटेकोरपणे वाचावेत: ‘जॉर्ज थर्ड’ म्हणजे राजा तिसऱ्या जॉर्जच्या काळातली वस्तू, ‘जॉर्ज थर्ड स्टाइल’ म्हणजे नंतरची. दुकानदार महाग पडतो, पण 1918 साली स्थापन झालेल्या बाडा किंवा 1974च्या लापाडा या व्यापारी संघांचा सभासद असेल तर पावतीवर काळ आणि दुरुस्त्या लेखी मागाव्यात. विंग चेअर मी दुकानातूनच घेईन, कारण तिच्यात कालनिर्णयाची चूक महागात पडते. व्हिक्टोरियन खुर्ची स्वतः दाबून-बसून पाहता येत असेल तर लिलाव उत्तम.

पुढेमागे खुर्ची मुंबईला किंवा कोकणातल्या घरी नेण्याचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच तपासावी. जुने सांधे प्राणिज सरसाने जोडलेले असतात, आणि हा सरस पावसाळ्यातल्या दमट हवेत ओल शोषून मऊ पडू शकतो. भरणातले केस आणि लोकरही ओल धरतात. अशा घरासाठी सांधे नव्याने आवळून घेतलेली विंग चेअर, वर सुटे सुती आवरण घालून, अधिक टिकाऊ ठरेल. स्प्रिंगा आणि अनेक थर असलेली खुर्ची मात्र कोरड्या हवेच्या किंवा हवेतली ओल आटोक्यात ठेवता येणाऱ्या खोलीसाठीच घ्यावी.