व्हिज्युअल स्टुडिओ : २०१९ की २०२२?

व्हिज्युअल स्टुडिओ हे मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन आहे; त्याच्या या दोन आवृत्त्यांमधील सर्वांत मोठा फरक पडद्यावर दिसत नाही. २०१९ची मुख्य प्रक्रिया ३२ बिटांची असल्यामुळे संगणकात कितीही मेमरी असली, तरी तिला जास्तीत जास्त ४ जीबी वापरता येते. परिणामी शेकडो प्रकल्प असलेले सोल्युशन (एकत्र उघडता येणारा प्रकल्पांचा संच) उघडल्यावर व्हिज्युअल स्टुडिओ अडखळतो आणि कधी बंदही पडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेली २०२२ ही आवृत्ती ६४ बिटांची असल्याने ती मर्यादा उरत नाही, आणि माझ्या मते मोठ्या कामासाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे.

'हॉट रीलोड'ची सोयही मोलाची आहे. २०१९ मध्ये चालू प्रोग्रॅमचा कोड बदलण्यासाठी तो सहसा डीबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) थांबवावा लागतो, तर २०२२ मध्ये अनेक बदल प्रोग्रॅम न थांबवता लागू होतात. काही बदलांना मात्र तो पुन्हा सुरू करावाच लागतो. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम बनवण्याच्या मंचाच्या ६ ते ९ या आवृत्त्यांसाठी काम करायचे असेल, तर २०२२च घ्यावी.

जुनी एक्स्टेंशन्स (जादा सोयींसाठी जोडायची छोटी सॉफ्टवेअर) ही २०१९ची जमेची बाजू आहे, कारण ६४ बिटांसाठी अद्ययावत न केलेली एक्स्टेंशन्स नव्या आवृत्तीत चालत नाहीत. अशांवर काम अवलंबून असेल, तर दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी ठेवता येतात.