स्वादुपिंडाचा कॅन्सर, बायोप्सीचा तुकडा: ऑर्गनॉइड की उंदीर?

गेल्या महिनाभरात पुण्यातल्या दोन-तीन ज्युनिअर्सनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. पेशंटच्या कॅन्सरच्या पेशी उंदरात वाढवायच्या की मॅट्रिजेलमध्ये (थंडीत पातळ, उबेत घट्ट होणारं प्रथिनांचं जेल) ऑर्गनॉइड, म्हणजे त्याच पेशींचे बारीक त्रिमितीय गोळे, करायचे? मी दोन्ही केलंय, आधी उंदीर, मग ऑर्गनॉइड.

मुळात टिश्यू किती मिळणार ते बघा. निदान होतं तेव्हा 100 मधल्या फार तर 15-20 जणांचंच ऑपरेशन होऊ शकतं, बाकीच्यांचं आपल्याला मिळतं ते एंडोस्कोपीच्या सुईतून आलेलं, शेवईच्या तुकड्याएवढं, रक्तात लडबडलेलं, आणि तेही पॅथॉलॉजीचं भागल्यावर उरलेलं.

उंदराची बाजू खरंच भक्कम आहे. या ट्यूमरभोवती जे घट्ट तंतूंचं जाळं असतं, ज्यातून औषध आत शिरायलाच त्रास होतो, ते नुसत्या ऑर्गनॉइडमध्ये नसतंच, तिथे फक्त एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या, पेशी. औषध रक्तातून ट्यूमरपर्यंत पोचतं का हाच तुमचा प्रश्न असेल तर उंदराला पर्याय नाही. (हळूहळू ते जाळंही उंदराचंच होतं, ते सोडा.)

पण माझं मन कशाने बदललं ते सांगतो. जुलैमध्ये एक सॅम्पल लावलं, होता नव्हता तेवढा सगळा तुकडा दोन उंदरांत. दर सोमवारी कॅलिपर घेऊन बघायचो, गणपती गेले, दिवाळी गेली, गाठ काही आली नाही. चार महिन्यांनी कळलं की वाढणार नाही, आणि पेशंट तोवर राहिले नव्हते, म्हणजे पुन्हा सॅम्पल मागायची सोयच नाही. प्रयोग फसला याचं इतकं नाही वाटलं, तो फसलाय हे कळायलाच चार महिने गेले ते फार लागलं. ऑर्गनॉइडमध्ये आठ-दहा दिवसांत मायक्रोस्कोपखाली पोकळ गोळे दिसतात, नाहीतर नाही दिसत, विषय संपला, तुम्ही पुढच्या सॅम्पलला मोकळे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने सुईच्या बायोप्सीतून 38 पैकी 33 ट्यूमरचे ऑर्गनॉइड दोन आठवड्यांत काढले होते, पाच पॅसेजपर्यंत (गोळे मोडून नव्या जेलमध्ये पुन्हा लावायच्या पाच फेऱ्या) मात्र 25 च टिकले, तेव्हा सुरुवातीच्या वाढीवर फार हुरळू नका.

त्रास इथेही आहेच. एप्रिलच्या उकाड्यात मॅट्रिजेल टिपमध्येच सेट होतं, टिप्स आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये टाका. व्हिंट आणि आर-स्पॉन्डिन ही वाढीला लागणारी प्रथिनं विकत घेणं परवडत नसेल तर ती बनवणाऱ्या पेशी वाढवून त्यांचं मीडियम (ज्या द्रवात त्या वाढतात ते) वापरा, आम्ही तेच करतो. आणि शेजारच्या नॉर्मल नलिकेच्या पेशीही मस्त गोळे करतात, त्यामुळे केआरएएस जनुकातलं म्युटेशन तपासल्याशिवाय कॅन्सरचे ऑर्गनॉइड मिळाले म्हणू नका, या कॅन्सरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त ट्यूमरमध्ये ते म्युटेशन असतं, सापडलं नाही तर शंका घ्या.

तुमचा प्रश्न वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघेल, पण मला विचाराल तर पहिला तुकडा ऑर्गनॉइडलाच द्या. पाच पॅसेज झाले, काही व्हायल्स (छोट्या कुप्या) गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये गेल्या की मग तेच ऑर्गनॉइड उंदरात टोचता येतात, तेव्हा निदान हातात काहीतरी शिल्लक असतं. आणि मॅट्रिजेल मागवताना सोमवारीच पाठवा म्हणून सांगा, शुक्रवारी निघालं तर शनिवार-रविवार कुठेतरी पडून राहतं आणि ड्राय आइस संपतो, आमचा एक अख्खा बॉक्स असाच गेला.