पाच महिने, दोन टाचा आणि २० टक्के युरियाचं क्रीम

पहिली ट्यूब नोव्हेंबरात आणली. आता एप्रिल लागलाय आणि तिसरी संपत आलीय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

माझं नाशकात पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटेपासून ओल्या फरशीवर उभी. पाय दिवसभर पाण्यात आणि टाचा मात्र उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या फुटलेल्या. रात्री गोधडीचा दोरा भेगेत अडकायचा आणि टर्रकन निघायचा. पाण्यात राहून कातडी कोरडी कशी पडते, हे मला कधी कळलंच नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, "ताई, टाचेला पाणी मिळतंय, पण टिकत नाहीये." कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पेशी म्हणजे विटा. मधे गवंडी भरतात तसा माल, तो सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड अशा स्निग्ध पदार्थांचा. पाणी धरून ठेवणारे पदार्थ विटांच्या आत, युरिया त्यातलाच एक. भांड्यांच्या साबणाचं पाणी रोज पायावर पडलं की माल झिजतो, आतलंही धुऊन जातं. त्यात तळपायाला तेलाच्या ग्रंथीच नाहीत. घाम येतो, तेल नाही. जाड थर वाळून कडक झाला की अंगाचा भार पडताच तडकतो.

आधीचे माझे उद्योग मग उलगडले. ग्लिसरीन पाणी ओढतं, पण कोरड्या थंडीत हवेत पाणी असतंच किती? ते कातडीच्या आतूनच ओढलं जातं आणि वर झाकण नसेल तर उडून जातं. एक महागडं हायलुरोनिक अ‍ॅसिडचं क्रीम घेतलं होतं, तेही पाणी ओढणारंच, त्याचंही तेच. माझं माहेर सावंतवाडीकडचं, तिथून आई मुठेल पाठवते, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. घट्ट वडी, वितळवून भेगेत भरायची. त्याने आग थांबते आणि पाणी अडतं, हे खरंच. पण वरची मेलेली जाड साल काही मऊ होत नाही.

ती साल युरियाने मऊ होते. ५-१० टक्क्यांना तो मुख्यतः पाणी धरतो, २० च्या पुढे साल सैल करायला लागतो. (आमचे भाऊजी शेतकरी. त्यांनी विचारलंच, "पोत्यातला चालेल का?" रेणू तोच, पण भाऊजी, नको.)

रात्री पाय धुऊन टिपायचे, खसखसून पुसायचे नाहीत. कातडी ओलसर असतानाच क्रीम, पाच मिनिटांनी वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, मग सुती मोजे. जेली स्वतः पाणी देत नाही, आहे ते उडू देत नाही. ती रात्री विसरले की सकाळी फरक लगेच कळायचा.

पहिले चार दिवस उघड्या भेगांवर क्रीम असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. भेग भरेपर्यंत तिथे नुसती जेली लावायची, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एकदा मोजे न घालता उठले आणि मोरीपाशी घसरून सरळ बसलेच. तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबलं, दोन महिन्यांत गोधडी अडकायची थांबली. पण जानेवारीत लग्नासाठी आठ दिवस गावी गेले, ट्यूब घरीच राहिली, परतले तर डाव्या टाचेला दोन बारीक भेगा हजर.

सासूबाईंना शुगर आहे. त्यांच्या टाचेला मी हे लावलं नाही, त्यांना थेट डॉक्टरांकडे नेलं.

आता क्रीम एक दिवसाआड पुरतं. ट्यूब दाबून काही येईना तेव्हा काल कात्रीने मधोमध कापली. आत चार दिवसांचं निघालं.