एअर रायफलच्या देखभालीसाठी वर्कबेंच: लकडगंजातील एका वर्कशॉपचे काम

एअर रायफलचा गंभीरपणे सराव करणाऱ्या मुलामुलींच्या घरी दोन-तीन लाख रुपयांची रायफल असते आणि तिच्यासाठी कुलपाची पेटीही असते. परंतु ती साफ करायला, तिचा बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) जुळवायला किंवा छर्रे तोलून वेगळे करायला जेवणाच्या टेबलाखेरीज दुसरी जागा नसते. ते टेबल हाताचा जोर पडला की डुगडुगते, त्यावर शिशाचा बारीक अंश राहतो आणि तासाभराने त्यावरच ताटे मांडली जातात. आमच्या घरी दोन नेमबाज असल्यामुळे ही अडचण कायमची सोडवणे आवश्यक होते, म्हणून नागपूरच्या लकडगंजातील आरामशिनींच्या मागच्या गल्लीत असलेल्या, पाटीही न लावलेल्या एका छोट्या वर्कशॉपकडून आम्ही वर्कबेंच बांधून घेतले. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ते वापरल्यानंतर सांगायचे तर सांगाड्याचे काम उत्कृष्ट आहे, वरच्या फळीचे काम त्याच तोलाचे आहे, खणांचे काम मध्यम आहे, आणि दिलेली तारीख पाळण्याच्या बाबतीत या वर्कशॉपवर विसंबून राहू नये.

या बेंचची कल्पना परदेशी नेमबाजांच्या रीलोडिंग बेंचवरून घेतली आहे. अमेरिकेत अनेक नेमबाज वापरलेल्या काडतुसांची पितळी कवचे जपून ठेवतात आणि घरीच पुन्हा भरतात. त्यासाठी टेबलाच्या पुढच्या कडेवर एक प्रेस बोल्टने बसवलेला असतो आणि त्याचा दांडा खाली ओढला की कवच साच्यात दाबले जाऊन पुन्हा मूळ मापाला येते. तो सगळा जोर फळीच्या कडेवर आणि तिच्याखालच्या पायांवर येत असल्यामुळे तिकडे टेबलाच्या मजबुतीचा विचार फार बारकाईने झालेला आहे. आपल्याकडे काडतुसे तयार करणे हे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याचे काम आहे आणि घरगुती छंद म्हणून कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे येथेच स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला मात्र शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही, आणि दहा मीटर स्पर्धेच्या रायफली या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात. त्यामुळे आमच्या बेंचवर बंदुकीची दारू नाही आणि प्रेसही नाही. बांधणीची तत्त्वे मात्र आम्ही तिकडचीच घेतली, कारण वाइसमध्ये, म्हणजे बेंचला बसवलेल्या पकडीत, धरलेला भाग सोडवताना किंवा रायफलला दाबाखालची हवा पुरवणाऱ्या सिलिंडरचा अडॅप्टर घट्ट करताना बेंचवर येणारा पीळ त्याच जातीचा असतो.

वर्कशॉपच्या मिस्त्रींनी पहिल्या भेटीत टेप काढला नाही. टेबलावर काय ठेवणार, काय ठोकणार, काय पिळणार, बसून काम करणार की उभ्याने, हे त्यांनी आधी विचारून घेतले, आणि मी फळी किती जाड घ्यावी याविषयी बोलू लागलो तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, फळी कितीही जाड घ्या, पाय हालला म्हंजे सारं हालते. आधी पायाचं पाहू.” पुढचे सगळे काम त्यांनी याच क्रमाने केले.

सांगाडा ५० मिलिमीटर चौकोनी आणि २ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पाइपचा आहे. हा पाइप मीटरला सुमारे ३ किलो भरतो, त्यामुळे पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद टेबलाचा नुसता सांगाडाच उचलायला दोन माणसे लागतात. परंतु वजनापेक्षा महत्त्वाचे आहेत ते मागच्या बाजूचे तिरके आधार. चार पाय आणि वरची चौकट एवढेच जोडले तर तो आयत राहतो, आणि बाजूने ढकलल्यावर आयत तिरका होऊ शकतो, मग जोड कितीही चांगला असो. त्यात एक तिरकी पट्टी घातली की त्रिकोण तयार होतो, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. आमच्या बेंचला मागे दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक तिरका आधार आहे. पुढची बाजू पाय ठेवण्यासाठी मोकळी सोडून तेथे कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रे वेल्ड केले आहेत. वेल्डिंगच्या वेळी मी तेथे उभा होतो. मिस्त्रींनी आधी सगळीकडे वेल्डिंगचे फक्त छोटे टाके मारले, दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे असल्याची खात्री केली, आणि त्यानंतर एका कोपऱ्यात थोडे, मग समोरच्या कोपऱ्यात थोडे, असे आलटून पालटून पूर्ण वेल्डिंग केले, कारण एकाच बाजूला सलग उष्णता दिली तर पाइप त्या बाजूला ओढला जातो आणि चौकट गुण्यात (काटकोनात) राहत नाही. घाईच्या फॅब्रिकेशनमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि मग टेबलाच्या एका पायाखाली कायम पुठ्ठ्याची घडी राहते. येथे प्रत्येक पायाला फिरवून उंची बदलता येणारा बोल्ट आहे, त्यामुळे आमच्या जुन्या शहाबादी फरशीच्या उंचसखलपणावरही टेबल चारही पायांवर सारखे बसले आहे.

फळीच्या बाबतीत माझी इच्छा सागवानाची होती. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान आपल्या दाराशी आहे, बल्लारपूरच्या आगारातून ते अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी गेले, आणि विदर्भातल्या माणसाला आपल्या जंगलातल्या या लाकडाचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. मिस्त्रींनी मात्र खर्चासाठी नव्हे, तर आमच्या हवेसाठी प्लायवूड सुचवले. नागपुरात मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी असते आणि जुलैत ती ओलाव्याने जड होते. अखंड लाकडाची रुंद फळी या फरकाने आडव्या दिशेला आकसते आणि फुगते. सागवानात हे प्रमाण कमी असले तरी ते असतेच, आणि लोखंडी चौकटीला स्क्रूने जखडलेल्या फळीला हलायला जागा मिळाली नाही तर ती तडकते किंवा वाकते. प्लायवूडमध्ये थरांच्या शिरा एकमेकींना आडव्या असल्यामुळे ही हालचाल फारच थोडी होते. आम्ही आयएस ७१० या मानकाचे, पाण्याला टिकणारे १८ मिलिमीटरचे प्लायवूड घेतले आणि त्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवून ३६ मिलिमीटरची फळी केली.

चिकटवण्याच्या या कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी ते केले जात नाही. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. पण दोन फळ्या एकमेकींना एकजीव झाल्या असतील तरच हे खरे ठरते. त्या नुसत्या एकावर एक ठेवल्या किंवा चार स्क्रू मारून जोडल्या, तर वाकताना त्या एकमेकींवरून घसरतात आणि ताठपणा जेमतेम दुप्पट होतो. म्हणजे तेवढेच प्लायवूड आणि तेवढाच खर्च, पण परिणामात चौपट फरक. मिस्त्रींनी दोन्ही पृष्ठांवर दातेरी पट्टीने फेविकॉल पसरवला, कडांना शिकंजे लावले, मध्यभागी लोखंडी पाइपांचा ढीग ठेवला आणि फळी रात्रभर तशीच दाबून ठेवली. सकाळी कडेवरून रंधा फिरवला तेव्हा दोन थरांमधील रेघ शोधावी लागत होती. वर १ मिलिमीटरचा फिकट राखाडी, चमक नसलेला सनमाईका बसवला आहे. रंगाची ही निवड माझी होती आणि ती प्रत्येकाने करावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा किंवा एखादा बारीक स्क्रू गडद लाकडी नक्षीवर दिसत नाही, फिकट सपाट पृष्ठावर लगेच दिसतो.

फळीच्या तिन्ही कडांना सागवानाची पट्टी आहे, ती सनमाईकाच्या वर दोन-तीन मिलिमीटर उचललेली आहे. त्यामुळे सांडलेले छर्रे खाली जात नाहीत. पुढची कड सपाट ठेवली आहे, म्हणजे मनगटाला टोचत नाही आणि ओल्या फडक्याने सगळा कचरा पुढे ओढून घेता येतो. शिशाच्या कामाची जागा झाडूने कोरडी झाडू नये, कारण बारीक अंश हवेत उडतो; ती ओल्या कापडाने पुसावी आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. या टेबलावर चहाचा कप ठेवायला आमच्या घरी सक्त मनाई आहे.

टेबल कोठे ठेवावे याबाबत मिस्त्रींनी दिलेला सल्ला मला त्यांच्या कामाइतकाच मोलाचा वाटला. आपल्याकडे एप्रिलपासून घरोघरी कूलर सुरू होतात आणि खसाच्या जाळीतून येणारा ओला वारा ज्या खोलीत खेळतो, त्या खोलीतील पान्यांवर, ड्रिलच्या बिटांवर आणि बंदुकीच्या नळीवर गंज चढायला वेळ लागत नाही. छर्रे तोलण्याच्या काट्यालाही हा वारा चालत नाही. स्पर्धेचा एक छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि आपण मिलिग्रॅमचा फरक शोधत असतो; पंख्याच्या झुळकेनेही आकडा स्थिर राहत नाही. म्हणून बेंच कूलरच्या विरुद्ध भिंतीला, उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवले आणि काट्यासाठी पारदर्शक झाकणाची पेटी केली. मागची चौकट भिंतीच्या विटांमध्ये फास्टनरने दोन ठिकाणी जखडली आहे. ज्यांचे घर भाड्याचे आहे त्यांना भिंतीला भोके पाडता येत नाहीत. त्यांनी खालच्या चौकटीवर फळी टाकून वजनदार सामान तेथे ठेवावे, असे मिस्त्रींनी सांगितले, आणि फास्टनर बसेपर्यंत आम्ही तेच केले होते.

उंचीबाबत आमचे थोडे मतभेद झाले. जोर लावण्याचे काम कोपराच्या खाली आणि बारीक काम कोपराच्या किंचित वर सोयीचे पडते, आणि एकाच टेबलावर दोन्ही करायची असतील तर तडजोड करावी लागते. मिस्त्री ३० इंचांवर ठाम होते, मला ३६ हवे होते. अखेरीस ३४ इंच ठरले आणि बारीक कामासाठी उंच स्टूल घेतले. हा निर्णय योग्य ठरला आहे. वाइस उजव्या पुढच्या पायाच्या अगदी वर बसवला आहे, फळीच्या मधोमध नाही, त्यामुळे पान्याचा जोर थेट पायातून जमिनीत जातो.

सामानाच्या मांडणीत आम्ही रीलोडिंग करणाऱ्यांची एक शिस्त जशीच्या तशी उचलली. ते लोक एका वेळी एकाच प्रकारच्या बंदुकीच्या दारूचा डबा टेबलावर ठेवतात आणि बाकीचे कपाटात बंद करतात, कारण तेथे अदलाबदल झाली तर जिवावर बेतू शकते. छऱ्यांची अदलाबदल जिवावर बेतत नाही, परंतु ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर डोक्याचे छर्रे एकत्र झाले तर ते डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत. रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे आपल्या नळीला जुळणारा छर्रा शोधण्यात घातलेला वेळ अशा सरमिसळीने वाया जातो. म्हणून टेबलावर एकच डबी उघडी असते आणि उरलेल्या डब्या, बॅच क्रमांक वर दिसेल अशा, वरच्या फडताळात उभ्या लावलेल्या असतात. डाव्या भिंतीवर छिद्रांचा पत्रा आहे आणि त्यावर ॲलन की, टॉर्क पाना आणि नळी साफ करण्याची दोरी अडकवलेली आहे. खनिज तेलाची बाटली आणि हवेच्या सिलिंडरच्या ओ-रिंगसाठी (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांसाठी) लागणारे सिलिकॉन ग्रीस मुद्दाम दोन टोकांना ठेवली आहेत; २०० बार दाबाच्या हवेच्या वाटेवर साधे तेल लागले तर ते पेट घेऊ शकते, आणि घाईत चुकीची बाटली हाती येऊ नये एवढी काळजी मांडणीनेच घेतली पाहिजे. हवेचे सिलिंडर खालच्या फळीवर आडवे, उन्हापासून दूर आहेत आणि प्रत्येकावर निर्मितीचे वर्ष रंगवलेले आहे, कारण दहा वर्षांनंतर ते स्पर्धेत चालत नाहीत.

तक्रारी खणांविषयी आहेत. तीन खण टेलिस्कोपिक चॅनलवर (सरकत्या लोखंडी पट्ट्यांवर) आहेत. चॅनल चांगले आहेत, परंतु त्यांचे डबे पातळ प्लायवूडचे केले आणि तळ खाचेत न बसवता खालून खिळ्यांनी ठोकला. शिशाच्या डब्या ठेवल्यावर सर्वांत खालच्या खणाचा तळ झुकला. सांगितल्यावर मिस्त्रींनी माणूस पाठवून तो तळ बदलून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, पण उरलेले दोन अजून तसेच आहेत. गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात मारल्यावर वरचा रंग लवकर दिला असावा, कारण पायांच्या आतल्या बाजूला तो पोपडा धरू लागला आहे. काम ठरल्यापेक्षा बरेच उशिरा मिळाले आणि मध्यंतरी फोन उचलला गेला नाही, ही गोष्ट अग्रिम रक्कम दिलेल्या गिऱ्हाइकाला त्रासदायक वाटते. एकूण खर्च वाहतुकीसह २०,००० रुपयांच्या आसपास आला. तयार मिळणारी टेबले याहून स्वस्त आहेत, पण त्यांचे पाय पातळ पत्र्याचे असतात आणि वाइस लावल्यावर ती पिळाबरोबर फिरतात.

येथे काम द्यायचे असेल तर सांगाडा आणि फळी निश्चिंतपणे त्यांच्यावर सोपवावी. खणांचा तळ खाचेत बसवायचा हे मात्र आधी कागदावर लिहून घ्यावे, अग्रिम निम्म्यापेक्षा अधिक देऊ नये, आणि वेल्डिंगच्या दिवशी स्वतः जाऊन दोन्ही कर्ण आपल्या टेपने मोजावेत. मिस्त्रींना त्याचा राग येत नाही. टेपचे दुसरे टोक ते स्वतः धरतात.