प्रेझेंटेशनसाठी कल्पना: फोनवरचा बोर्ड की बेलापूरची चक्कर?

स्लाइड्स करायला बसलं आणि डोक्यात काहीच शिजत नसलं की माझ्यापुढे दोन वाटा असतात. चित्रं जमवायच्या अ‍ॅपवर बोर्ड करायचा, नाहीतर वही घेऊन बाहेर पडायचं. दोन्ही करून झालंय.

उद्या सकाळी मीटिंग असेल तर बोर्डच. रंगसंगती, फॉन्टच्या जोड्या, आलेखांच्या तऱ्हा, सगळं अर्ध्या तासात समोर येतं. क्लायंटला "साधारण असं" म्हणून दाखवायलाही तोच सोयीचा.

मला तिथे एकच गोष्ट खटकते, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. एक चित्र सेव्ह केलं की पुढे त्याच्यासारखीच येत राहतात. गेल्या वर्षी नेरुळच्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं सादरीकरण होतं. फिकट मातकट रंगाची, कमानीची एक स्लाइड मी सेव्ह केली. दोन दिवसांत बोर्डभर मातकट रंग आणि कमानीच. मीही तेच केलं. सभेत आमच्या आधी दुसरे आर्किटेक्ट उभे राहिले आणि त्यांच्या पहिल्याच स्लाइडवर ती कमान! कुणी कुणाचं चोरलं नव्हतं. एकाच विहिरीवर पाणी भरत होतो, एवढंच. पण मला फार लागलं ते. सोसायटीने दुसऱ्या फेरीला बोलावलं, म्हणून निभावलं.

त्या रविवारी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला गेलो. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, आखलेली वसाहत. 7 घरं 8 बाय 8 मीटरच्या अंगणाभोवती. असे 3 गट मिळून 12 मीटरच्या मोकळ्या जागेभोवती. तसे 3 मिळून 20 मीटरच्या. बऱ्याच घरांवर आता मजले चढलेत, तरी अंगणं ओळखू येतात. एका अंगणात पापड वाळत घातले होते आणि त्यांच्या कडेकडेने एक मुलगा सायकल शिकत होता. मी वहीत नुसते चौकोन काढत बसलो.

स्लाइड्स त्या चौकोनांतूनच झाल्या. मधला भाग रिकामा, मुद्दे कडेने. दर 3 स्लाइडनंतर एक मोठी, मोकळी. दुसऱ्या फेरीत एक आजी उठून म्हणाल्या, "ही मधली जागा मुलांना राहील ना?" पहिल्या फेरीत आम्हाला कुणी काहीच विचारलं नव्हतं.

अर्धा दिवस जातो, हे खरं. पावसाळ्यात अवघडच, आणि दर वेळी काही हाती लागतं असंही नाही. ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघून आलो तेव्हा वही कोरीच राहिली. चिखलाच्या करड्या रंगावरचा तो गुलाबी रंग कामाला आला तीन महिन्यांनी.

तुमच्या कामाची घाई वेगळी असू शकते. पण दोन दिवस हाताशी असतील तर आधी बाहेर पडा, आणि काय शोधायचं ते वहीत उतरल्यावरच बोर्ड उघडा. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये फोटो काढण्याआधी मात्र विचारा. ती लोकांची राहती घरं आहेत.