पद्मिनीला मारुतीचा कार्बोरेटर टाकावा की जुनाच सोलेक्स ठेवावा?

प्रीमियर पद्मिनी आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) धरत नसेल तर गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, सोलेक्स (गाडीचा मूळ कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) काढा आणि मारुती ८०० चा कार्बोरेटर टाका, माइलेज वाढेल. आमच्या काकांच्या गाडीवर मी दोन्ही वापरलेत, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी साइजचं बोलू. ७९६ सीसीचा कार्बोरेटर १०८९ सीसीला कसा पुरणार, असं सगळे विचारतात, पण नुसती सीसी बघून उपयोग नाही, सीसी आणि आरपीएमचा गुणाकार बघायचा. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणजे मारुती ५५०० आरपीएमला मिनिटाला साधारण २१९० लिटर ओढते आणि पद्मिनी तेवढीच हवा ४००० च्या आसपासच ओढते (कागदावरचा हिशोब आहे, पण अंदाज येतो). म्हणजे गावात, साध्या हायवेवर पुरतो, फक्त वरच्या आरपीएमला गाडी गुदमरल्यासारखी वाटते. आणि इंजिन मोठं म्हणून जेटही (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) त्याच हिशोबाने मोठा, हा गैरसमज आहे, जेटचं नातं व्हेंच्युरीशी (कार्बोरेटरचा हवा जाणारा अरुंद गळा) असतं, त्यामुळे आधी आहे त्याच जेटवर चालवून प्लगचा रंग बघा.

सोलेक्सची रड वेगळी आहे. जेट, नीडल, फ्लोट हे सगळं किटमध्ये बदलता येतं, पण थ्रॉटल शाफ्टची (अॅक्सिलरेटरने फिरणारी दांडी) जागा झिजली की तिथून हवा घेतो आणि मग स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग बसत नाही. शाफ्ट बोटांनी हलवून बघा, खडखडला तर लेथवर बुश (झिजलेल्या भोकात नवीन कडी) करून घ्यायचा. खालची फ्लँज जास्त आवळून वाकलेली असते, ती काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट होते. एवढं केलं की बरेच सोलेक्स सुतासारखे चालतात, आणि गाडीत बाकी काहीच बदलावं लागत नाही. अडचण माणसांची आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून बाद झाली, त्यामुळे रोज सोलेक्स उघडणारे मिस्त्रीही आता शोधावे लागतात.

मारुतीचा कार्बोरेटर मिळतो पटकन, खोलणारे गल्लोगल्ली, आणि दोन बॅरल (हवा जायच्या नळ्या) असल्यामुळे हळू चालवताना फक्त छोटं बॅरल काम करतं, माइलेजची जी गोष्ट सांगतात ती तिथून येते. पण छिद्रं जुळत नाहीत, मध्ये अॅडॉप्टर प्लेट लागते आणि निम्मी दुखणी तिथेच असतात. आमच्याकडे पहिल्या मिस्त्रीने पातळ पत्र्याची प्लेट टाकली, दोन महिन्यांत हवा घ्यायला लागली, गाडी गरम झाली की मिसिंग. नंतर जाड हायलमची (कडक फायबरसारखी शीट) करून घेतली, तिने उष्णताही अडते. हवा घेतोय का ते बघायचं तर इंजिन चालू ठेवून जोडावर थोडा कार्ब क्लीनर मारा, आवाज बदलला की समजायचं (गरम सायलेन्सरपासून लांब, कृपया).

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही. पूर्ण अॅक्सिलरेटरवर बटरफ्लाय (हवा उघडणारी-बंद करणारी गोल चकती) खालून बाहेर डोकावते, ती प्लेटला अडली तर अॅक्सिलरेटर तिथेच अडकून राहतो. इंजिन सुरू करायच्या आधी दोन्ही बॅरल हाताने पूर्ण उघडून सोडून बघा. मारुतीच्या कार्बोरेटरवर सोलेनॉइड (करंट मिळाला की आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा व्हॉल्व्ह) असतो, त्याला इग्निशनची वायर दिली नाही तर आयडलिंगला गाडी बंद पडते आणि दोष जेटवर जातो. एअर फिल्टर आणि अॅक्सिलरेटरची जोडणी नवीन करावी लागते, तो खर्च आधी विचारून घ्या, नंतर वाद नको.

मोठा वेबर (दुसऱ्या कंपनीचा कार्बोरेटर) टाकायचा विचार असेल तर सोडून द्या, एवढ्या इंजिनाला हवेचा वेगच येत नाही, पेट्रोल नीट फुटत नाही, पिकअपला खड्डा पडतो.

तर, शाफ्ट ठीक असेल किंवा बुश होत असेल तर सोलेक्सच. बॉडीच गेली असेल आणि गाडी रोजची असेल तर मारुतीचा टाका, पण माइलेजसाठी जेट बारीक करून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, मिश्रण पातळ झालं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात आणि वाचवलेल्या पेट्रोलचे पैसे हेड उघडण्यात जातात. काकांच्या गाडीवर सध्या बुश केलेला सोलेक्स आहे, मारुतीचा डिकीत पडलाय, प्लेटसकट.