नाना पेठ, बोहरी आळी की ऑनलाइन किट? घरी इंजिनचं काम करायचं तर आधी काय घ्यावं

ऑफिसमधल्या दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. गाडी माझी जुनी वॅगनआर, के-सिरीजचं एक लिटर तीन सिलिंडर इंजिन, वॉरंटी कधीच संपलेली. तुमची वॉरंटीत असेल तर प्लीज हात लावू नका, बिलं सांभाळा आणि सर्व्हिस सेंटरलाच द्या.

पहिलं म्हणजे ऑनलाइन मिळतात ते प्लॅस्टिक पेटीतले सेहेचाळीस पीसचे टूल किट. नाव घेत नाही, सगळे एकाच साच्यातले दिसतात. मी घेतला होता, रॅचेट (सॉकेट लावून नट फिरवायचा दांडा) जरा घट्ट नटावर लावला की आत दात सटकतात, आणि सेहेचाळीसातले अर्धे तर स्क्रू ड्रायव्हरचे बिट्स, जे गाडीला कुठे लागतच नाहीत. पाचात दीड स्टार, तो दीड पण पेटीला.

त्यापेक्षा बोहरी आळीत जा, पुण्याच्या रविवार पेठेत. तिथे सुट्टं मिळतं हा मोठा फायदा. टपारियाचा चांगला रॅचेट आणि १०, १२, १४, १७ मिमीच्या एवढ्या गोट्या (म्हणजे सॉकेट) घेतल्या की मारुतीचं बरंच काम निघतं, चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, नटाचा साइज तेवढा आपल्या गाडीचा आधी बघून जा. स्पार्क प्लगची गोटी वेगळी, आत रबर असलेली, त्यात १६, २१ असे वेगवेगळे साइज येतात. दुकानदार गाडीचं मॉडेल विचारून देतो पण खात्री आपली आपण केलेली बरी. टपारिया कंपनी नाशिकची, हातात धरलं की वजन कळतं. हत्यारं मिळायचं दुसरं ठिकाण म्हणजे मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार-रविवारी भरतो, जुने रिंग पाने तिथे खरंच मस्त मिळतात, तोंड पसरलेलं नाहीये ना एवढं बघायचं. पण जॅक आणि जॅक स्टँड तिथून अजिबात नको. वेल्डिंग कुणी कधी केलंय कुणाला माहीत, आणि खाली आपण झोपणार.

आणि खाली झोपायचंच असेल तर सगळ्यात आधी पैसे स्टँडवर, ज्याला मेकॅनिक लोक घोडी म्हणतात. जोडी साधारण दीड-दोन हजाराला बसते आणि लोकांना तिथेच जीवावर येतं. गाडीबरोबर आलेला जॅक टायर बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. पेव्हर ब्लॉक किंवा विटा रचून तर मुळीच नाही, आमच्या सोसायटीत एक काका असं करतात, बघून माझ्या पोटात गोळा येतो. घोडी घ्यायला बजेट नसेल तर वरून होतात तेवढीच कामं करा, एअर फिल्टर, प्लग, कूलंटची लेव्हल, बॅटरी. ऑइल गॅरेजमध्ये बदला. खरं सांगायचं तर ऑइल घरी बदलून वाचतं ते फक्त लेबर, दोन-तीनशे रुपये. पैसे वाचवायचे म्हणून सुरुवात ऑइलपासून करू नका. माझ्या मते सुरुवात एअर फिल्टरपासून, कारण त्याला हत्यार जवळपास लागत नाही, क्लिपा काढल्या की झालं, आणि पुण्यात सध्या जिकडे बघावं तिकडे खोदकाम, हिंजवडीच्या रोजच्या ये-जा मध्ये फिल्टर काळा ठिक्कर होतो. धुळीच्या रस्त्यावर लवकर बदला हे मॅन्युअलमध्येच असतं.

सामानासाठी नाना पेठ. क्वार्टर गेटच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, एकात नाही तर दुसऱ्यात. फिल्टर, प्लग, चेंबरच्या नटाचं वायसर (हे दरवेळी नवीन टाकायचं, स्वस्त असतं आणि लोक हमखास विसरतात) सगळं तिथे. जुना पार्ट बरोबर घेऊन जायचा, म्हणजे वाद नाही. प्लग मागितला तर जुने दुकानदार अजून मायकोच म्हणतात, कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालंय तरी. ओरिजिनल आणि लोकल दोन्ही पुढे ठेवतात आणि फरक विचारला तर सरळ सांगतात, हे मला आवडलं. फिल्टर आणि प्लगमध्ये मी लोकल घेत नाही, सीलबंद बॉक्स आणि एमआरपी बघूनच. ऑइल सुटं नको, सीलचा कॅनच, आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच, ०डब्ल्यू-२० लिहिलंय तर २०डब्ल्यू-५० स्वस्त आहे म्हणून टाकायचं नाही. पक्कं बिल मागितलं की काही ठिकाणी तोंड वाकडं होतं, त्याचा अर्धा स्टार कापला. टू-व्हीलरवर जा, कार लावायला जागा मिळणार नाही.

टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की सांगणारा पाना) लक्झरी वाटतो, पण मी त्याला ओबीडी स्कॅनरच्या (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राच्या) खूप वर ठेवीन. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल आणि जोर जास्त लावला तर आटे जातात, मग सगळी बचत तिथेच संपली. प्लगचंही तेच, हेडमधले आटे गेले तर विचारूच नका. फक्त तो अर्धा इंची (गोटी बसते तो चौकोन अर्ध्या इंचाचा) मोठा घेऊ नका, त्यांची रेंज बऱ्याचदा २८ न्यूटन मीटरपासून सुरू होते आणि प्लगचं काम साधारण तिथेच किंवा त्याखाली असतं, खालच्या टोकाला तो नीट सांगत नाही. ३/८ इंचीचा घ्या, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग बिघडते. नवीन ऑइल फिल्टर बसवायला पाना लागतच नाही, रबराला नवीन ऑइल लावायचं, टेकला की हाताने पाऊण आटा, बस्स.

तीन-चारशेचा मल्टिमीटर आधी घ्या, ब्लूटूथचा स्कॅनर नंतर. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४, एवढं बघितलं की बॅटरी गेली की अल्टरनेटर हे भांडण बरंचसं मिटतं. स्कॅनरचं म्हणाल तर २०१३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे, त्याआधीच्या गाडीला घेताना दुकानदाराकडून लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, स्वस्तातले बरेचसे कनेक्टच होत नाहीत. इंजिनची लाइट पेटली तर कोड वाचता येतो, पण कोड म्हणजे पार्ट बदला असं नाही, गॅरेजवाल्याशी बोलताना उपयोग होतो इतकंच.

न घ्यायच्या गोष्टी: इंजिन फ्लश, ऑइलमध्ये टाकायच्या मायलेज वाढवणाऱ्या बाटल्या, रंगीबेरंगी प्लग वायर. ऑइल काढायला मोठा ट्रे मात्र घ्याच, पार्किंगमध्ये डाग पडला की सेक्रेटरी साहेबांचा मेसेज ग्रुपवर फोटोसकट येतो. काळं ऑइल गटारात ओतू नका, जुन्याच कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, आमचा घेतो, त्याच्याकडून ते पुढे ड्रमने जातं.

नाना पेठ चार, बोहरी आळी साडेचार, जुना बाजार फक्त पान्यांसाठी तीन.